चोर आधी सांगा

फुलवंतावयनी,

चोर मीच.

तुमच्या नियमाप्रमाणे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. "चोर आदी सांगून टाका जी, चेकरबाबू. मंग लोकं जाग्यावरून हालत नाईत," असं तुम्ही मला किती वेळा बजावलंत. मी मात्र जन्मभर उलटं धरून बसलो, कथेतही आणि जगण्यातही. खरं काय ते शेवटच्या पानासाठी राखून ठेवायचं आणि तोवर वाचकाला भलत्याच माणसाच्या मागे धाडायचं. तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. आता राखून ठेवायला माझ्याकडे फारशी पानं उरलेली नाहीत.

तुम्ही गोंदियाजवळच्या फुलचूर गावात ओसरीवर बिड्या वळायचात. मी गोंदियातल्या एका बिडी डेपोत चेकर होतो. माझ्या नावावर ज्या सहा रहस्यकादंबऱ्या छापल्या गेल्या, ज्या एसटी स्टँडवर आणि रेल्वे जंक्शनवर विकल्या गेल्या, ज्यांच्यावरून लोक मला लेखक म्हणू लागले, त्यांतल्या पाच तुमच्या होत्या. सहावी माझी होती. तिच्याबद्दल पुढे बोलू.

डेपोत आम्ही सगळ्या बायांना अगं-तुगं करायचो. तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, मी तुम्हाला वयनी म्हणायचो, तरी 'तू'च. आता हे वाचून तुम्ही नक्की म्हणाला असतात, "काऊन जी, आता 'तुमी' म्हनून रायले? मी मेली म्हनून?"

हो वयनी. त्याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

आपली खरी ओळख झाली ती छाटीमुळे. बाया वळलेल्या बिड्या संध्याकाळी टोपलीत घालून डेपोत आणायच्या. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. आम्ही कट्टा हातात घेऊन बोटांनी फिरवायचो आणि सैल, वाकडी, तोंड उघडं राहिलेली बिडी बाजूला काढून मोडून टाकायचो. तीच छाट. जेवढी छाट निघेल तेवढ्या बिड्या बाईने पुन्हा वळून आणायच्या. त्या वर्षी धान कापून झाल्यावर तुमच्या ओसरीवरच्या पाच जणींच्या टोपल्यांत मला एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. सगळे कट्टे उत्तम, आणि मध्येच एखाद-दुसरा असा, की त्यातल्या बिड्या आवळून आवळून काडीसारख्या झालेल्या. ओढल्या तर धूर येणार नाही. पाचही टोपल्यांत ते कट्टे साधारण त्याच थराला. म्हणजे पाचही जणींनी दुपारच्या त्याच वेळेला त्या बिड्या वळलेल्या.

मला वाटलं, बाया जर्दा चोरून राहिल्या. बिडीत तंबाखू कमी भरायची, धागा घट्ट ओढायचा आणि उरलेला जर्दा बाजारात विकायचा. मी तेव्हा जंक्शनवरच्या स्टॉलवरून आणून मिळतील तेवढ्या रहस्यकथा वाचणारा माणूस. मला तर पर्वणीच. सायकल काढली आणि भर दुपारी, अगदी गुप्तहेराच्या ऐटीत, फुलचूर गाठलं.

ओसरीवर पाच जणी पाच सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या. तुमच्या शेजारची बिरजा, जिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती, तिने मला पाहिलं.

"काऊन जी चेकरबाबू, रस्ता चुकले का?"

तुम्ही मान वर केली नाहीत. एवढंच म्हणालात, "बसा. पन बोलू नोका. दीर दारात आला हाय."

मी वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पाचही जणी अशा हसल्या की बिरजाच्या सुपातली पानं खाली सांडली.

दीर गोष्टीतला होता. त्याने भावाला मारून राइसमिलच्या मागे भुशाच्या ढिगाखाली पुरलं होतं. हे तुम्ही आदल्या दिवशी गोष्टीच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. आता तो सायकलवरून वहिनीकडे आला होता, हरवलेला भाऊ शोधायला मदत करतो म्हणून. वहिनी अंगणात तांदूळ पाखडत बसलेली. त्याने पाणी मागितलं.

आणि मग वयनी, तुम्ही तांदूळ पाखडत राहिलात. किती वेळ! सूप वर जातं, खाली येतं. कणी एका बाजूला, तांदूळ एका बाजूला. एक खडा सापडतो, ती तो चिमटीत धरून उन्हात बघते. दीर उभाच आहे. ती म्हणते, थांबा भाऊजी, एवढं सूप होऊ द्या. मग ती उठते, गिलास घेते, पदराने पुसते, पुन्हा एकदा पुसते. ज्याने तिचा नवरा मारला त्याच्यासाठी. तिला माहीत नाही. मला माहीत आहे. बिरजाला माहीत आहे. मी ओसरीच्या कडेला उकिडवा बसलो होतो, पायाला मुंग्या आल्या होत्या, पण पाय हलवायचं भान नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर पाच जणींची बोटं नुसती पळत होती. पान, जर्दा, वळ, धागा. धागा, धागा. धागा इतका आवळला जात होता की पान चिरेल की काय असं वाटावं.

जर्द्याची चोरी नव्हतीच. तुमच्या गोष्टीतली भीती बिड्यांत उतरत होती. मी डेपोत बसून जी छाट काढत होतो, ती तुमच्या गोष्टीतली सगळ्यात चांगली जागा होती.

त्या दिवशी गोष्ट कुठे थांबवलीत तेही सांगतो. माझ्यासारख्या लेखकाने किंचाळीवर थांबवली असती. तुम्ही थांबवलीत ती वहिनीच्या "या, आत येऊन बसा" या वाक्यावर. मग टोपली उचललीत आणि म्हणालात, "चला, डेपो बंद होते." मी तोंड उघडं टाकून बसून राहिलो. "पुढे?" "उद्या." "अगं पण तो आत गेला का?" बिरजा म्हणाली, "पाहा व, चेकरबाबूचीच छाट निंगाली!"

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा आलो. मग येतच राहिलो.

त्याच महिन्यात मी माझी पहिली रहस्यकथा लिहिली आणि मोठ्या तोऱ्यात ओसरीवर वाचून दाखवली. अमावास्या, वादळ, वाड्यात प्रेत, सात संशयित. खुनी शेवटच्या पानावर. तिसऱ्या पानाला बायांचे हात थांबले. मला वाटलं, वा! रंगल्या.

"थो मुनीम असंल," बिरजा म्हणाली.

"नाई व. डाक्टर. लय गोड बोलून रायला."

"मंग मुनीमाची बायको कुटं गेली?"

"मुनीमाले बायको होती?"

"जाऊ दे. कांदे भेटले का बाजारात?"

आणि त्या कांद्यांवर बोलायला लागल्या. मी अजून वाचत होतो.

तुम्ही मला बाजूला घेऊन जे सांगितलंत, ते पुढे मी किती व्याख्यानांत माझं म्हणून सांगितलं. "चेकरबाबू, तुमी त्यायले कोडं घातलं. कोड्यानं डोस्कं चालते, अना हात थांबते. भेवानं हात चालते. अना भेव कायचं? आपल्याले मालूम हाय अना त्या बाईले मालूम नाई, याचं." मग थोडं थांबून, "अना अंधार कायले घातला? अंधारात त कोनीबी भेते. दुपारच्याले भेव वाटलं पायजे."

मी वाद घातला. म्हटलं, खुनी आधीच सांगितला तर वाचक पुस्तक मिटवून ठेवेल. तुम्ही म्हणालात, "घरात साप निंगाला अना कुटं बसला थे मालूम हाय, त तुमी घर सोडून झोपाले जाता का?" तरी मी हरलो असं काही म्हटलं नाही. तो वाद आपण चाळीस वर्षं घातला, आणि चाळीस वर्षं मी हरलो असं म्हटलं नाही.

प्रकाशकाने माझी वादळी कथा परत पाठवली. मग मी एक वही घेतली आणि दीर-वहिनीची गोष्ट, तुमच्या तोंडून ऐकली तशी, तुमच्या क्रमाने, तुमच्या थांब्यांसकट उतरवून काढली. बोली काढून तेवढी शुद्ध भाषा घातली. 'भुशाचा ढीग' असं नाव दिलं आणि खाली माझं नाव लिहिलं. एवढंच माझं कर्तृत्व. पुस्तक निघालं, खपलं. प्रकाशकाने लिहिलं, असं काही अजून आहे का? अजून होतं. रोज दुपारी ओसरीवर होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या सत्काराच्या दिवशी भरलेल्या सभागृहातही नाही.

'भुशाचा ढीग' तुमच्या घरी पोचलं, तेव्हा तुमची मुलगी रेखा आठवीत होती. तिने ते ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही डेपोत आलात. टोपली समोर ठेवली आणि रांगेतल्या बाकीच्या बायांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलंत, "चेकरबाबू, पुस्तक ब्येस झालं. त्यात मायं नाव कोन्त्या पानावर हाय? पोट्टीले सापडलं नाई."

तुमच्या आवाजात तक्रार नव्हती. तुम्हाला खरंच वाटत होतं की ते कुठेतरी असेल आणि पोरीच्या नजरेतून सुटलं असेल.

मी तुमची टोपली पुढे ओढली. पहिला कट्टा घेतला. बिड्या सरळ, भरलेल्या, तोंडं नीट मिटलेली. एकही वाईट नव्हती. मी त्यांतल्या मूठभर काढल्या आणि मोडल्या. म्हटलं, छाट. दुसरा कट्टा घेतला. छाट. तिसरा. तुम्ही माझ्या बोटांकडे बघत होतात. चांगल्या बिडीचा मोडताना येणारा आवाज वेगळा असतो, हे मला ठाऊक होतं आणि तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. अर्धी टोपली मोडून झाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आज छाट लय निंगाली जी." बस. रिकामी टोपली काखेत मारलीत आणि गेलात. तेवढ्या बिड्या पुन्हा वळून आणल्यात. नाव पुन्हा कधी विचारलं नाहीत.

चोरी केली, त्याला निदान लोभ म्हणता येईल. त्या बिड्या मोडल्या, त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि त्यानंतरही तुम्ही मला गोष्टी सांगितल्यात! चार दिवसांनी मी चोरासारखा ओसरीच्या कडेला येऊन बसलो, तर तुम्ही सुपावरची नजर न काढता म्हणालात, "बसा. आज पोस्टमनची हाय." का, वयनी? तुम्ही माझ्यावर दया केलीत असं मला कधी वाटलं नाही. दया तुमच्या स्वभावात फार नव्हती. मला वाटतं, तुम्हाला गोष्ट पुढे न्यायची होती, आणि माझ्यासारख्या एका माणसासाठी तुम्ही ती थांबवणार नव्हतात.

सहाव्या कादंबरीच्या वेळेला डेपो बंद पडला होता आणि मला माझ्या नावाचा चांगलाच गर्व चढला होता. 'देवरीची बस'. गोंदियाहून देवरीला निघालेल्या गाडीत एक खुनी आहे. कोण, ते शेवटच्या पानावर. तुम्हाला कथानक सांगितलं, तर तुम्ही कपाळाला हात लावलात.

"पुन्हा लपवला?"

"पुन्हा लपवला."

"आवो, सांगून टाका. तिसऱ्या सीटवरचा. त्याच्या पिसवीत कोयता हाय. अना कंडक्टर तिकीट कापत कापत मांगून येऊन रायला. एकेक सीट. कोनापासी सुट्टे नाईत, कोनाची कोंबडी सुटली. येऊ द्या त्याले हळूहळू."

मी ऐकलं नाही. पुस्तक सपाटून पडलं. एका वाचकाने पत्रात लिहिलं, लेखक आजारी होते काय? तुम्ही ते पत्र रेखाकडून दोनदा वाचून घेतलंत.

आता सभागृहाची गोष्ट. ती मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे, कारण तिच्यात मी हरलो.

गेल्या हिवाळ्यात माझी पंचाहत्तरी झाली म्हणून गोंदियात सत्कार ठेवला होता. तुम्हाला आमंत्रणपत्रिका मीच पाठवली. का पाठवली, ते नीट सांगता येत नाही. बहुतेक तुम्ही येणार नाही अशी खात्री होती म्हणून. पण तुम्ही आलात. रेखाचा हात धरून तिसऱ्या रांगेत बसलात, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून. व्यासपीठावर मला झेंडूचा हार घातला होता. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, वाचकाला असं जागेवर खिळवून ठेवायला आपण कुठे शिकलात? मी नेहमीचं उत्तर सुरू केलं. परदेशी कथांचं वाचन, चिंतन, मनन.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. तुम्ही उभ्या राहिला होतात.

"मले दोन सबद बोलाचे हायत."

संयोजक धावत गेले. त्यांना वाटलं, जुनी ओळखीची बाई, आशीर्वाद देणार. "हाँ हाँ, अम्माजी, आइए. बस दो मिनट में."

"दोन मिन्टांत त बाप्पा बिडीचं पानबी भिजत नाई."

सभागृह हसलं. तुम्ही माइक हातात घेतलात. पुढचं मी शब्दाला शब्द सांगू शकतो.

"एका चोराची गोष्ट हाय. चोर या हालातच बसून हाय. त्यानं एका बाईच्या गोष्टी चोरल्या, अना त्यायची पुस्तकं केली. थे बाई बिड्या वळे. चोर बिड्या तपासे. आता त्याच्या गळ्यात हार हाय."

तुम्ही माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे पाहिलंत.

"त्याच्या हाती चाय हाय. चाय गरम हाय. त्याले वाटते, आपुन पिऊन टाकू. पन पेत नाई. चायवर साय येऊन रायली. पयले कडंकडंनं येते. मंग मधात येते. थो फुंकते. साय सरकते, अना पुन्हा येते."

तीनशे माणसं माझ्या कपाकडे बघत होती, वयनी. मीही माझ्या कपाकडे बघत होतो. खरोखर साय येत होती. मला कप खाली ठेवायचा होता आणि ठेवता येत नव्हता, कारण ठेवला तर तेही सगळ्यांना दिसणार होतं. तुमच्या गोष्टी मी हजार वेळा ऐकल्या होत्या. गोष्टीच्या आत बसल्यावर काय होतं, ते तेव्हा कळलं.

आणि तुम्ही थांबलात. "मायं झालं," म्हणालात, माइक संयोजकाच्या हातात दिलात, आपल्या खुर्चीवर जाऊन बसलात आणि रेखाकडे पाणी मागितलंत.

मागून कोणीतरी ओरडलं, "अम्मा, आगे क्या हुआ?"

तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. "मले कायले पुसता? ज्याची गोष्ट त्याले पुसा."

मी उठलो. आणि सांगितलं. पाचही पुस्तकं कोणाची, कुठे ऐकली, कशी उतरवली, परदेशी कथांचं उत्तर कसं खोटं. बोलताना एकदाही थांबलो नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा टाळ्या झाल्या आणि लोक उभे राहिले. माझ्यासाठी नाही. सगळ्यांची तोंडं तिसऱ्या रांगेकडे होती. तुम्हाला व्यासपीठावर आणलं. संयोजक माझ्यासाठी आणलेली शाल तुमच्या खांद्यावर घालायला गेले, तर तुम्ही म्हणालात, "शाल राहू द्या, हाल गरम हाय. नारळ द्या." आणि नारळ मांडीवर घेऊन माझ्या खुर्चीवर बसलात.

मी खाली उतरून तुमच्या खुर्चीवर बसलो, रेखाच्या शेजारी. तुम्ही पोस्टमनची गोष्ट सांगायला घेतलीत. आत जेवणं निवून गेली, कोणी उठलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने हातरुमाल बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली होती. गोष्ट पुढे सरकली तसा तिने तो आवळत नेला. मी त्या रुमालाकडे बघत होतो. मला इतकं सुख आयुष्यात झालं नव्हतं.

रेखाशी बाकीचं सगळं घरात बसून मिटवलं, ते इथे लिहायचं कारण नाही. नवी आवृत्ती काढायची ठरली. मुखपृष्ठावर फक्त तुमचं नाव असावं, असं मी म्हणत होतो. तुम्ही हटून बसलात. "लिवलं त तुमीच. मले कुटं लिवता येते? खोटं कायले छापता? एकदा छापलं तेवढं पुरे." शेवटी मोठ्या अक्षरांत 'फुलवंता' आणि खाली बारीक अक्षरांत 'ऐकून लिहिणार' म्हणून माझं नाव. पुस्तक तुमच्या हातात ठेवलं तेव्हा तुम्ही नावावरून बोट फिरवलंत. "येवडं मोठं? दुकानाची पाटी होय का?" पण दिवसभर ते उशाशीच होतं.

शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही खाटेवरून उठत नव्हतात. सकाळचं ऊन खाटेवर आलं होतं. मी मोडलेल्या बिड्यांचं सांगायला आलो होतो. ठरवूनच आलो होतो.

तुम्ही म्हणालात, "साऱ्यायले मीच गोष्ट सांगतली. मले कोनी सांगत नाई. आज तुमी सांगा."

याहून चांगली संधी कोणाला मिळते? मी सुरुवात केली. एक डेपो होता. त्याचं दार असं होतं. संध्याकाळी रांग लागायची. एक टोपली होती, बांबूची, एका बाजूला सुतळीने शिवलेली. मी टोपलीचं वर्णन केलं. रांगेचं केलं. एक बाई येते, तिला काहीतरी विचारायचं आहे. काय विचारायचं आहे ते मी लपवलं. कोणी काय केलं ते लपवलं. मला वाटत होतं, हळूहळू नेऊ आणि शेवटी सांगू.

शेवट येईपर्यंत तुम्ही झोपला होतात.

जाग येईपर्यंत बसलो असतो तर सांगून झालं असतं. रेखा म्हणाली, काका, झोपू द्या, उद्या या. मी उद्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

म्हणून आज सरळ लिहितो, कुठेही न लपवता: त्या संध्याकाळी तुमच्या टोपलीतली एकही बिडी वाईट नव्हती. मी जाणूनबुजून चांगल्या बिड्या मोडल्या, कारण तुम्ही तुमचं नाव विचारलंत आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं, असा मला दाट संशय आहे. पण तुमचं कळणं वेगळं आणि माझं सांगणं वेगळं. आणि तो चाळीस वर्षांचा वाद? त्यात मी हरलो. पूर्ण हरलो. हेही लिहून ठेवतो.

परवा फुलचूरच्या वाचनालयात गेलो होतो. 'भुशाचा ढीग'ची नवी आवृत्ती हवी होती. माझ्याकडची प्रत रेखाने पाहुण्यांना दिली. काउंटरवर एक बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी मला ओळखलं नाही.

"काका, थे पुस्तक जाग्यावर राहतच नाही. नाव लिवून ठेवा. तुमच्या आदी अकरा जन हायत."

"एवढं काय आहे त्यात?" मी विचारलं.

"तुमाले मालूम नाही? फुलवंताबाईचं पुस्तक हाय. इथलीच होती ती, फुलचूरची. बिड्या वळे." त्यांनी वही मिटली, कोपर टेबलावर टेकलं आणि आवाज खाली आणला. "आयका. दीर असते. त्यानंच भावाले मारला, आदीच सांगून टाकते. अना आता थो सायकलवरून भौजाईकडं येऊन रायला. तिले काईच मालूम नाही. ती आंगनात बसून तांदूर पाखडून रायली."

आणि त्या पाखडायला लागल्या. हाताने, रिकाम्या हवेत. कणी एका बाजूला, तांदूळ एका बाजूला. शब्द सगळे पुस्तकातले नव्हते. काही त्यांचे स्वतःचे होते. पुस्तकातल्या वहिनीला अंगणात चिमणी दिसत नाही, यांच्या वहिनीला दिसली. तिने चिमणीला कणी टाकली. मी ती चिमणी लिहिलेली नाही, वयनी. तुम्हीही सांगितली नव्हती.

"मंग त्यानं पानी मांगतलं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दारात एक जण पुस्तक परत करायला आला. "थांबा काका, आलीच," म्हणून त्या उठून आत रजिस्टर शोधायला गेल्या.

माझी बस यायची वेळ झाली होती. पुढे काय होतं ते मला तोंडपाठ आहे. तरी मी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून तिथेच उभा राहिलो.